लहान जागेंतला संसार

आमच्या घरांत सध्यां एका नकाशाचें राज्य चाललें आहे. चिरंजीवांनीं बदलापूरच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतींतील जागा पाहून ठेवली आहे. दिवाणखाना, निजावयाच्या तीन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि दोन स्नानगृहें, असा एकूण थाट आहे. हा नकाशा रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मधोमध पसरला जातो. सूनबाई त्यावर कपाटें मांडतात, चौदा वर्षांचा नातू एका खोलीवर पेन्सिलीनें आपलें नांव लिहितो, आणि आठ वर्षांची नात तें खोडते. डोंबिवलीची ही जागा विकावी कीं नाहीं, असें मला विचारण्यांत आलें आहे. जागा माझ्या नांवावर आहे म्हणून विचारलें, हें मी जाणून आहें. तथापि विचारलें खरें. उत्तरासाठीं मीं दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

ती मुदत संपण्यापूर्वीं माझें म्हणणें या सदराच्या वाचकांपुढें मांडून पाहावें असें वाटलें. एक तर आमच्यासारख्या पुष्कळ घरांत आज हाच प्रश्न उभा आहे. आणि दुसरें असें कीं, घरांत माझें म्हणणें पुरतें ऐकून घेण्याइतका वेळ कोणालाच नाहीं.

आमची जागा म्हणजे बाहेरची एक खोली, एक स्वयंपाकघर आणि वीतभर गॅलरी, मिळून सुमारें सवातीनशें चौरस फूट. १९८६ सालीं कर्ज काढून घेतली, तेव्हां आम्ही तिघें होतों; आज सहा आहोंत. परंतु लहान जागेंत राहाण्याचें माझें शिक्षण त्यापूर्वींच झालें होतें. १९७४ सालीं मॅट्रिक होऊन मी रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड्यांतून मुंबईस आलों, तो गिरगांवांतील काकांच्या बिऱ्हाडीं. चाळींत दोन खोल्या, आणि मी जाण्यापूर्वीं तेथें आठ माणसें. भाडें किती होतें तें आज सांगितलें तर थट्टा वाटेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतील जुनीं भाडीं १९४० च्या सुमाराच्या पातळीवर जखडून टाकलीं होतीं. त्यामुळें मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू जागा सोडीना, आणि एकेका खोलींत तीन तीन पिढ्या नांदल्या.

नववा म्हणून मी गेलों तेव्हां 'याला कोठें ठेवायचें' हा प्रश्न कोणीहि काढला नाहीं. काकूंनीं भिंतीवरील एका खुंटीवरचे कपडे दुसऱ्या खुंटीवर टाकले आणि ती मला दिली. रात्रीं काकू व मुली स्वयंपाकघरांत, काका दाराशीं, आम्ही मुलगे गॅलरींत. सकाळीं वळकट्या कोपऱ्यांत रचल्या कीं तोच दिवाणखाना, तीच अभ्यासाची खोली, आणि श्रावणांत तेथेंच सवाष्णींची पंगत. गांवाहून कोणी दुखणेकरी दाखविण्यासाठीं मुंबईस आणला, तर तोहि तेथेंच उतरे. त्यावेळीं आम्हां मुलग्यांपैकीं दोघे शेजारच्या गॅलरींत निजावयास जात, आणि शेजाऱ्यांकडे पाहुणे आले म्हणजे त्यांचे मुलगे आमच्याकडे येत.

संस्कृतांत समास होतो तेव्हां दोन पदें जवळ बसतात आणि बहुधा मधला विभक्तिप्रत्यय गळून जातो. 'राजाचा पुरुष' हा 'राजपुरुष' होतो, 'चा' जातो. काकांच्या घरीं पहिल्या महिन्यांतच माझा हा 'चा' गळला. माझा पंचा, माझी उशी, माझें पुस्तक असें कांहीं उरलें नाहीं, आणि त्याचें दुःखहि झालें नाहीं. अर्थात् अलुक् समास म्हणूनहि एक प्रकार आहे. 'युधिष्ठिर' या शब्दांत सप्तमीचा प्रत्यय जागचा हलत नाहीं. काकांचा पाट तसा होता. त्यावर दुसऱ्या कोणाची बसण्याची छाती नव्हती.

लहान घराचा हा एक गुण झाला. दुसरा मला याहूनहि मोलाचा वाटतो. दशरथाच्या वाड्यांत क्रोधागार होतें हें वाचकांना ठाऊक आहेच. रुसण्यासाठीं स्वतंत्र खोली! रामायणांतील निम्मा अनर्थ त्या खोलीनें केला अशी माझी समजूत आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मंथरेला कैकेयीच्या कानाशीं लागतांच आलें नसतें. पलीकडे तांदूळ निवडीत बसलेल्या कौसल्येनें 'काय गं, कसली कुजबूज चालली आहे?' म्हणून विचारलें असतें. आणि कैकेयीनें जमिनीवर अंग टाकलें असतें तरी पानें घ्यावयाच्या वेळीं 'जरा सरक, वाट अडली आहे' असें कोणी तरी म्हटलेंच असतें. आमच्या घरीं अबोला एका दिवसावर टिकलेला नाहीं. मीठ मागावें लागतें, मोरीकडे जातांना वाट मागावी लागते, आणि एकदां 'सरका' म्हटलें कीं अबोला मोडला. प्रेमाचा उमाळा आला म्हणून मोडला असें नव्हे. अबोला धरण्यास जागा नव्हती म्हणून मोडला.

विद्येचेंहि तसेंच. मी शाळेंतून आल्यावर बाहेरच्या खोलींत संस्कृतच्या शिकवण्या घेत असें. मुलांना शब्द चालवावयास सांगावे आणि पलीकडे सौ.नीं पोळ्या लाटाव्या, असा वर्षानुवर्षें क्रम होता. एकदां एक विद्यार्थी 'नदी' शब्दाच्या षष्ठीपाशीं अडला. मी डोळे वटारून बसलों असतां आंतून उत्तर आलें, 'नद्याः, नद्योः, नदीनाम्', आणि लगेच पोळी उलथल्याचा आवाज. त्यांनीं संस्कृतचें पुस्तक कधीं हातांत धरलें नव्हतें. आज नातीला निम्मी शब्दरूपावलि येते ती मीं शिकविली म्हणून नव्हे. मी सकाळीं पुटपुटतों तेव्हां तिला दुसरीकडे जावयास जागा नाहीं म्हणून.

मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी, असें आतां सर्वत्र म्हणतात. हवीच. पण ती नसतां काय घडतें याचें एक उदाहरण आपल्याकडे नोंदलेलें आहे. परळच्या डबक चाळींत सुभेदार रामजी सकपाळ यांचें सारें कुटुंब एका खोलींत राहात असे. मुलाला वाचावयास निवांतपणा मिळेना, तेव्हां जागेची वाटणी करतां येत नाहीं म्हणून वडिलांनीं वेळेची वाटणी केली. मुलानें लौकर निजावें, वडिलांनीं रात्रीं दोनपर्यंत जागावें, आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण त्याच्या जागीं अंग टाकावें. तो मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर, ते १९०७ सालीं मॅट्रिक झाले. ती खोली अपुरी होती, आणि त्या कुटुंबाला दारिद्र्याबरोबर अस्पृश्यतेचा जाच सोसावा लागत होता. आमच्यासारख्यांनीं दुरून त्या अडचणीचें कौतुक करून मोकळें होणें शोभणारें नाहीं. मी ती गोष्ट आठवतों ती एवढ्यासाठीं कीं, वडील आपल्यासाठीं जागत आहेत हें त्या मुलाला रोज दिसत होतें. मोठ्या घरांतहि वडील जागतात. पण तें जागरण भिंतीपलीकडे राहतें.

आतां जें लिहिणार आहें त्यासाठीं चिरंजीवांची परवानगी घेतली आहे. २००२ सालीं ते बारावीला होते. निकाल लागला आणि गुण आमच्या अपेक्षेहून बरेच कमी आले. मी पडलों मास्तर. जें बोलूं नये तें बोललों. काय बोललों तें येथें लिहीत नाहीं, पण मला तें अजून पाठ आहे. मुलगा उलट एक शब्द बोलला नाहीं. मुकाट्यानें जेवला, आणि नेहमींप्रमाणें बाहेरच्या खोलींत, माझ्यापासून दोन हातांवर, अंथरूण घालून पडला.

मध्यरात्रीं केव्हां तरी मला जाग आली. कांहीं आवाज झाला म्हणून नव्हे. रोजचा आवाज होत नव्हता म्हणून. सोळा वर्षें ज्याच्या शेजारीं निजलों त्याचा झोपेंतला श्वास मला ठाऊक होता, आणि हा तो नव्हता. पाहतों तों मुलगा छताकडे पाहात पडलेला, अंगांत बाहेर जावयाचे कपडे. मला काय बोलावें तें सुचेना. दिवसां जें सुचलें होतें तें भलतेंच होतें. मीं नुसता हात लांब करून त्याच्या छातीवर ठेवला. त्यानें तो काढला नाहीं. थोड्या वेळानें तो रडूं लागला, तेव्हां स्वयंपाकघरांतून त्याची आई उठून आली आणि दिवा न लावतां आमच्या दोघांच्या मध्यें बसून राहिली. पहांटे पहिल्या गाडीची धडधड ऐकूं आली तोंपर्यंत आम्ही तिघें तसेच होतों.

पुढें दहाएक वर्षांनीं, स्वतः बाप झाल्यावर, त्यानें मला सांगितलें कीं, सर्व निजल्यावर रेल्वेच्या रुळांकडे जावयाचें त्यानें त्या रात्रीं ठरविलें होतें. पण दार माझ्या अंथरुणापलीकडे होतें. मला ओलांडल्यावांचून तें उघडण्यासारखें नव्हतें.

मी चांगला बाप होतों म्हणून तें टळलें, असें म्हणण्याची मला सोय नाहीं. त्या दिवशीं मी वाईट बाप होतों. जागा अपुरी होती म्हणून टळलें.

येथवर मजकूर लिहून झाल्यावर, माझ्या रिवाजाप्रमाणें, मीं तो सौ.ना वाचून दाखविला. त्या भाजी चिरीत होत्या. सर्व ऐकून घेतल्यावर कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तुम्हीं लिहिलें आहे तें खोटें नाहीं. पण अहो, तुम्हांला ही जागा लहान झाली केव्हां? सकाळीं शाळा, संध्याकाळीं वाचनालय, घरीं कोणी बायका आल्या कीं पिशवी घेऊन बाजार. जागा लहान होती ती माझी."

मी म्हणालों, "उदाहरण सांगा." मास्तरकीची खोड.

त्यांनीं उदाहरणें सांगितलीं. लग्न होऊन गिरगांवांत आल्या त्यानंतर चार वर्षांत आम्ही दोघें मोकळेपणानें जें काय बोललों तें चौपाटीवर, आणि तेंहि काकूंना भाजी आणतों म्हणून सांगून. लुगडें नेसतांना स्वयंपाकघराचें दार लोटून घेतलें कीं पाण्याच्या तांब्यासाठीं कोणी तरी तें वाजवणारच. दुपारीं पाठ दुखली तरी आडवें व्हावयास जागा नाहीं, कारण बाहेर माझे विद्यार्थी. बाळंतपणानंतर मुलाला पाजावयास बसावें तर भिंतीकडे तोंड करून. "आणि रडावयाचें असे तेव्हां," त्या म्हणाल्या, "मी मोरींत नळ सोडून बसत असें. तुम्हांला मुलाचा श्वास ऐकूं आला. माझा नळ कांहीं कधीं ऐकूं आला नाहीं."

मला उत्तर सुचलें नाहीं. मीं विचारलें, कशासाठीं रडत होतां? त्या म्हणाल्या, "आतां काय त्याचें," आणि भाजी फोडणीस टाकावयास उठल्या.

त्या दिवसापासून लेख तसाच पडून होता. फाडून टाकावा असें एकदां मनांत आलें. पण वर लिहिलेल्यांत खोटें कांहींच नाहीं. फक्त त्याची किंमत कोणी भरली तो आंकडा मीं मांडला नव्हता. लहान घराचे गुण पुरुषांनीं गावे आणि तें घर लहान वाटूं नये म्हणून बायकांनीं अंग चोरून वावरावें, असा हा पूर्वापारचा व्यवहार आहे. आजवर मला तो दिसला नाहीं याचें मलाच नवल वाटतें, कारण पाहावयास फार दूर जावयाचें नव्हतें.

सत्य लिहावयाचें तर आणखीहि एक लिहिलें पाहिजे. २०२० च्या टाळेबंदींत या दोन खोल्यांनीं आमचा अंत पाहिला. नातवाची शाळा पडद्यावर, चिरंजीवांची कचेरी ओट्याच्या कडेला, सूनबाईंचें काम देव्हाऱ्याखालीं. कुकरची शिटी झाली कीं तीन ठिकाणीं माफी मागावी लागे. पुढें चिरंजीवांना त्या रोगानें गांठलें, तेव्हां त्यांना वेगळें निजविण्यासाठीं देतां येईल अशी एकहि खोली आमच्यापाशीं नव्हती. त्यांना महापालिकेच्या विलगीकरण केंद्रांत जावें लागलें, आणि ज्याचा श्वास मी अंधारांत ओळखला होता त्याची खबर दहा दिवस टेलिफोनवरून घेतली.

शिवाय नुसत्या अपुऱ्या जागेनें माणसें जवळ येतात असेंहि आतां राहिलेलें नाहीं. रात्रीं साडेनऊ वाजतां आमची बाहेरची खोली पाहावी. चार माणसें, चार दूरध्वनियंत्रें, कानांत बोंडें. एक शिकवणी ऐकतो, एक गाणें ऐकतो, एक हंसतो आणि कां हंसला तें कोणाला कळत नाहीं. सवातीनशें फुटांत आम्हीं चार खोल्या केल्या आहेत आणि त्यांना दारेंहि घातलीं आहेत. त्या २००२ सालच्या रात्रीं हीं बोंडें माझ्या कानांत असतीं तर, हा विचार मी करीत नाहीं.

मुंबईंत शंभर वर्षांपूर्वीं सरकारच्या विकास खात्यानें बांधलेल्या चाळी आतां पाडल्या जात आहेत. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग येथील त्या बी. डी. डी. चाळींत एका कुटुंबाला एक खोली, ती १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सामाईक. त्या भाडेकरूंना आतां ५०० चौरस फुटांचीं घरें मिळावयाचीं आहेत, आणि वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्यें किल्ल्या मिळाल्याहि. चाळींतला शेजार गेला म्हणून हळहळणारे लेख त्यावर पुष्कळ येतील, आणि माझ्यासारखीं पेन्शनर माणसें ते लिहितील. पण रात्रीं दोन वाजतां लहान मुलीला सोबत घेऊन सामाईक संडासाकडे जाणाऱ्या आईनें तसा लेख लिहिलेला माझ्या पाहाण्यांत नाहीं.

तेव्हां मीं होकार द्यावयाचें ठरविलें, आणि दिवाळीची वाट न पाहतां परवां रात्रीं दिला. नातवानें उडी मारली. लागलीच नकाशा पसरला गेला आणि वांटण्या सुरू झाल्या. एक खोली चिरंजीव व सूनबाईंची. दुसरी नातू व नात या दोघांची मिळून. नातवाचें तोंड उतरलें, पण त्याला मध्यें पडदा कबूल करण्यांत आला. तिसरी अर्थात् आम्हां दोघां म्हाताऱ्यांची, असें चिरंजीव म्हणाले.

सौ.नीं चष्मा लावला. आजवर या नकाशाकडे त्यांनीं पाहिलेलेंहि मला आठवत नाहीं. स्वयंपाकघरालगतच्या त्या तिसऱ्या खोलीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही माझी. देव बाहेर ठेवा. धान्याचे डबे हिच्यांत आणावयाचे नाहींत. पाहुणे आले तरी हिच्यांत निजवावयाचे नाहींत. आणि हिला आंतून कडी पाहिजे."

सर्व गप्प झालीं. नात म्हणाली, "आणि आजोबा?"

"आजोबांनीं दार वाजवून यावें," सौ. म्हणाल्या. सूनबाई खालीं मान घालून हंसत होत्या, हें मीं पाहिलें.

मी म्हणालों, मला खोली नको. दिवाणखान्यांत मुख्य दाराजवळ एका अंथरुणापुरती जागा द्या. काकाहि तेथेंच निजत, मलाहि तीच संवय आहे. नातवानें पेन्सिल घेऊन दाराशीं एक लांबट चौकोन काढला आणि त्यांत 'आजोबा' असें लिहिलें. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तेथें पादत्राणांचें कपाट यावयाचें आहे. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्हांला ओलांडून जावें लागेल."

चिरंजीव बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "कपाट पलीकडच्या भिंतीला लावूं."